'हेरिटेबल' आणि 'ट्रान्सफरेबल' : भीमथडीच्या जमिनीवरील इंग्रजी विशेषणप्रत्ययांचा इतिहास

प्रस्तावना

पुण्यात राहणारा तो पुणेकर, पुण्याच्या धाटणीची ती पुणेरी पगडी, आणि पुण्याहून आलेली वस्तू ती केवळ पुण्याची. मूळ नाम एकच. परंतु प्रत्यय बदलताच माणूस, वळण आणि संबंध असे तीन वेगळे अर्थ उभे राहतात. 'पुणेरी माणूस' म्हटले की त्यात स्वभावाचा उल्लेख येतो. 'पुणेकर माणूस' यात तो येत नाही. कोल्हापूरकर आणि कोल्हापुरी, सातारकर आणि सातारी या जोड्याही अशाच आहेत. पुणे-सोलापूर मार्गावरील पाटस या गावापासून 'पाटसकर' हे आडनाव झाले आणि भीमेच्या थडीवरील प्रदेशाला 'भीमथडी' हे नाव मिळाले. पुढे 'भीमथडी तट्टू' या शब्दप्रयोगात प्रदेशाचे नाव कोणत्याही प्रत्ययावाचून विशेषणाचे काम करू लागले.

इंग्रजीतही हाच व्यवहार चालतो, परंतु तेथे प्रत्ययांची संख्या मोठी असून त्यांची कुळे भिन्न आहेत. 'हिस्टॉरिक' म्हणजे इतिहासात महत्त्व पावलेले आणि 'हिस्टॉरिकल' म्हणजे इतिहासाशी संबंधित. मराठीत दोन्हींसाठी 'ऐतिहासिक' हाच शब्द वापरला जात असल्याने वृत्तपत्रातील 'ऐतिहासिक निर्णय' आणि विद्यापीठातील 'ऐतिहासिक साधने' एकाच पंक्तीत बसतात. 'चाइल्डिश' आणि 'चाइल्डलाइक' यांतील भेद मात्र मराठीने 'पोरकट' आणि 'बालसुलभ' असा नेमका टिपला आहे. 'सेन्सिबल', 'सेन्सिटिव्ह', 'सेन्शुअल' आणि 'सेन्शुअस' ही चार विशेषणे एका धातूची असूनही समंजस, संवेदनशील, विषयासक्त आणि इंद्रियगोचर अशा चार दिशांना जातात.

हा विषय सामान्यतः व्याकरणाच्या तासापुरता मर्यादित राहतो. परंतु ज्या समाजावर परभाषेतील कायदा लागू होतो, त्या समाजात विशेषणाचा प्रत्यय हा केवळ व्याकरणाचा प्रश्न राहत नाही. पाटस ज्या जुन्या भीमथडी तालुक्यात होते, त्या तालुक्यातील जमिनीला एकोणिसाव्या शतकात 'हेरिटेबल' आणि 'ट्रान्सफरेबल' ही दोन विशेषणे लागली. त्याच काळात शेजारच्या वतनी जमिनीला 'हेरेडिटरी' हे विशेषण होते, तर सारामाफीच्या इनाम जमिनीला 'एलियनेटेड' हे होते. या चार शब्दांच्या अखेरच्या अक्षरांनी कोणाची जमीन विकली जाऊ शकते, कोणाची नाही आणि कोणाला गाव सोडता येत नाही हे ठरविले. प्रस्तुत निबंधात या शब्दांचा व त्यांच्या मराठी रूपांतरांचा मागोवा घेतला आहे.

'एबल' या प्रत्ययाची घडण

'एबल' हा प्रत्यय मूळचा लॅटिन असून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही इंग्लंडमधील दरबाराची व न्यायालयाची भाषा झाली आणि या प्रत्ययाचे शब्द प्रथम तयार स्वरूपात उसने घेतले गेले. पुढे लोकांच्या मनात या प्रत्ययाचे 'समर्थ' या अर्थाच्या 'एबल' या स्वतंत्र शब्दाशी नाते जुळले. वस्तुतः दोहोंची व्युत्पत्ती भिन्न आहे. तो स्वतंत्र शब्द लॅटिनमधील 'हाबिलिस' या दुसऱ्याच शब्दापासून आला. परंतु या गैरसमजाने प्रत्ययाला बळच दिले. तो अस्सल इंग्रजी धातूंनाही लागू लागला आणि 'ईटेबल', 'रीडेबल', 'बिलीव्हेबल' असे शब्द सिद्ध झाले.

या प्रत्ययाचा अर्थ वरवर पाहता सोपा वाटतो : 'जे करता येईल ते'. प्रत्यक्षात त्यात किमान तीन अर्थ नांदतात. 'ट्रान्सफरेबल' म्हणजे हस्तांतरित करता येण्याजोगे. येथे शक्यता आहे. 'पेयेबल' म्हणजे केवळ देता येण्याजोगे नव्हे, तर द्यावेच लागणारे. येथे बंधन आहे. 'ॲडमिरेबल' म्हणजे कौतुकास पात्र. येथे योग्यता आहे. याखेरीज 'पेरिशेबल' सारख्या शब्दांत कर्मणी अर्थ मुळीच नाही. वस्तू स्वतःच नाश पावते, म्हणून मराठीने 'नाशवंत' हा कर्तरी शब्द योजला, तो योग्यच होय.

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकांना हे अपरिचित वाटणार नाही. तव्य, अनीय, य या कृत्य प्रत्ययांना पाणिनीने योग्यता, शक्यता आणि आवश्यकता हे तिन्ही अर्थ दिले आहेत. 'वंदनीय' म्हणजे वंदनास योग्य, 'दंडनीय' म्हणजे दंडास पात्र, तर 'करणीय' म्हणजे करावयासच हवे असे. त्यामुळे 'एबल'साठी 'अनीय' वापरला की इंग्रजीतील संदिग्धता जशीच्या तशी मराठीत उतरते. उत्तरपत्रिकेवर शेरा देताना प्राध्यापक 'सुवाच्य' आणि 'वाचनीय' यांत गल्लत करीत नाहीत. परंतु इंग्रजीत 'रीडेबल' हा एकच शब्द संदर्भानुसार दोन्ही कामे करू शकतो.

या संदिग्धतेचे सर्वांत परिचित उदाहरण फौजदारी कायद्यात आढळते. 'बेलेबल' आणि 'नॉन-बेलेबल' यांसाठी मराठीत 'जामीनपात्र' आणि 'अजामीनपात्र' हे शब्द रूढ झाले. वृत्तपत्रात 'अजामीनपात्र गुन्हा' वाचताच वाचकाची समजूत होते की आता जामीन मिळणारच नाही. कायद्याचा अर्थ तसा नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, तर अजामीनपात्र गुन्ह्यात तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून असतो. म्हणजेच होकारार्थी रूपात 'एबल'चा अर्थ बंधनाचा आहे आणि नकारार्थी रूपात त्या बंधनाचा अभाव आहे, शक्यतेचा नव्हे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. परंतु हा भेद तिच्यातही कायम आहे आणि त्याबरोबर हा गैरसमजही.

मिरासदार आणि उपरी

भीमथडीत इंग्रजी अंमल येण्यापूर्वी जमिनीवरील हक्काचे वर्णन विशेषणाने होत नसे. ते माणसाच्या संज्ञेत होत असे. मिरासदार, वतनदार, इनामदार या शब्दांतील 'दार' हा फारसी प्रत्यय धारण करणारा असे सांगतो, आणि त्याच्या आधीचा शब्द काय धारण केले आहे ते सांगतो. 'मिरास' हा अरबी शब्द वारशाचा वाचक आहे. मिरासदाराला 'थळकरी' असेही म्हणत. जो थळकरी नव्हता, ज्याची मुळे त्या गावात नव्हती, तो 'उपरी'. उपऱ्याला जमीन कसावयास मिळे, परंतु तिच्यावर त्याचा कायम हक्क नसे.

मिरास वारशाने चाले आणि मिरासपत्र करून ती विकताही येई. परंतु ही विक्री गावकीच्या नजरेआड होत नसे. पाटील, कुलकर्णी व भाऊबंद यांच्या साक्षीने ती व्हावयाची आणि परका मनुष्य गावात शिरताना गावाचे मत विचारात घेतले जावयाचे. कर्जासाठी मिरास विकून सावकाराने शेत ताब्यात घ्यावे हा प्रघात नव्हता. एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात मिरासदारांची ही स्थिती इंग्रज वाचकांपुढे ठळकपणे मांडली गेली.

नव्या महसूल पद्धतीला मात्र मिरासदार व उपरी हा भेद अडचणीचा होता. १८२८ ते १८३० या काळात आर. के. प्रिंगल याने पुणे जिल्ह्यात रिकार्डोच्या खंडसिद्धांतावर आधारलेली पाहणी केली आणि ती फसली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी पाहणी सुरू केली. १८३६ पासून अमलात आलेली ही पद्धत शेजारच्या भीमथडीतही आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला शास्त्राचे रूप मिळाले. प्रत्येक शेताला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला आकार, तीस वर्षांची हमी आणि आकार भरेल त्याचा कब्जा, असे तिचे सूत्र होते. मिरासदाराची जागा 'ऑक्युपंट'ने घेतली. मराठीत तो प्रथम 'कब्जेदार' झाला आणि पुढे 'भोगवटादार'. 'दार' हा प्रत्यय जागच्या जागी राहिला. त्याच्या आधीचा वारसा मात्र गेला आणि तेथे ताबा आला.

दोन विशेषणे आणि १८७५

१८६५ च्या मुंबई पाहणी व जमाबंदी कायद्याने कब्जेदाराच्या हक्काला वारसायोग्य व हस्तांतरणयोग्य ठरविले. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेच्या ७३ व्या कलमात हीच दोन विशेषणे आली : कब्जाचा हक्क ही 'हेरिटेबल' व 'ट्रान्सफरेबल' मालमत्ता मानली जाईल. इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीने हे रयतेला दिलेले वरदान होते. जी वस्तू विकता येते तिला किंमत येते. जिला किंमत येते तिच्यावर कर्ज मिळते. कर्जातून शेतीत भांडवल येते, असा हा तर्क होता.

यांपैकी कर्ज मिळाले, हे खरे. १८५८ साली लोहमार्ग पुण्याच्या पुढे पाटसवरून दिक्सळपर्यंत पोहोचला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपल्यावर भाव उतरले. पहिल्या जमाबंदीची तीस वर्षे सरताच इंदापूरपासून फेरआकारणी सुरू झाली आणि १८७० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तिने भीमथडी गाठली, आकार वाढला. १८५९ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेमुळे हुकूमनामे मिळविणे व बजावणे सोपे झाले होते, तर त्याच वर्षीच्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार वारंवार नवे कर्जरोखे लिहवून घेऊ लागले होते.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे एका सावकाराने हुकूमनाम्यावर तेथील देशमुखांचे घर व जमीन लिलावात घेतली आणि घर पाडावयास काढले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी तेव्हाच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाचा रोख प्रामुख्याने कागदांवर होता. जेथे सावकारांनी कागद हवाली केले, तेथे हिंसा सहसा टळली. कागद देण्यास नकार मिळाला तेथेच बळाचा वापर झाला.

दंगलीच्या कारणांविषयी इतिहासकारांत एकवाक्यता नाही. चौकशी आयोगाने सावकारी कर्ज व त्यातून होणारे जमिनीचे हस्तांतर यांना प्रमुख स्थान दिले. नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली या मांडणीला आव्हान दिले. त्यांच्या मते दंगलीचे स्वरूप फुगवून सांगितले गेले आणि सावकारांकडे गेलेल्या जमिनींचे प्रमाणही समजले जाते तितके मोठे नव्हते. या वादात प्रत्ययाचा विचार उपयोगी पडतो. 'ट्रान्सफर्ड' आणि 'ट्रान्सफरेबल' यांत अंतर आहे. पहिल्या शब्दातील 'एड' हा प्रत्यय घडून गेलेली क्रिया सांगतो आणि ती मोजता येते. दुसऱ्यातील 'एबल' क्रियेची शक्यता सांगतो, आणि शक्यता कोणत्याही महसुली तक्त्यात दिसत नाही. भीमथडीच्या कोरडवाहू रानात सावकाराला शेत स्वतः कसण्यात रस नव्हताच. कुणब्याने ते कसावे, पीक आणून द्यावे आणि रोखा डोक्यावर राहावा, यातच त्याचा लाभ होता. त्यासाठी जमीन प्रत्यक्ष हस्तांतरित होण्याची गरज नव्हती. ती हस्तांतरणीय असणे पुरेसे होते. हस्तांतराची संख्या अल्प म्हणून दडपण अल्प, हे अनुमान म्हणूनच घाईचे ठरते. चार्ल्सवर्थ यांची आकडेवारीविषयक सावधगिरी मोलाची आहे, परंतु जे मोजता येते तेवढ्यावर ती थांबते.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. विशेष गहाणात नमूद नसलेली शेतकऱ्याची जमीन साध्या कर्जाच्या हुकूमनाम्यात जप्त वा विक्री करता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. अशा रीतीने ज्या वर्षी महसूल संहितेने 'ट्रान्सफरेबल' हे विशेषण पक्के केले, त्याच वर्षी दुसऱ्या कायद्याने चार जिल्ह्यांपुरते ते सैल केले.

'एलियनेटेड', 'अनएलियनेटेड', 'इनएलियनेबल'

एकाच धातूवर भिन्न प्रत्यय लागून अर्थ किती दूर जातात याचे महसुली इंग्रजीतील उत्तम उदाहरण म्हणजे 'एलियनेट' हा शब्द. लॅटिनमध्ये त्याच्या मुळाचा अर्थ 'दुसऱ्याचे' असा आहे. सामान्य कायद्याच्या भाषेत 'एलियनेट' करणे म्हणजे मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणे. मुंबई इलाख्याच्या महसुली भाषेत मात्र 'एलियनेटेड' जमीन म्हणजे जिच्या महसुलाचा सरकारी हक्क पूर्णतः वा अंशतः दुसऱ्याला दिला गेला आहे ती, म्हणजे आपल्याकडील इनाम किंवा दुमाला जमीन. उरलेली ती 'अनएलियनेटेड', म्हणजे खालसा.

गोंधळ येथेच सुरू होतो. शेतकऱ्याने दहा वेळा विकलेली जमीनही 'अनएलियनेटेड'च राहते, कारण विकणारा शेतकरी होता, सरकार नव्हे. दुसरीकडे, 'इनएलियनेबल' म्हणजे मुळात विकताच न येणारी जमीन. दोन्ही शब्द नकारार्थी आहेत आणि दोन्हींचा धातू एकच आहे. भेद आहे तो 'एड' आणि 'एबल' यांचा : पहिला घडलेल्या गोष्टीचा नकार करतो, दुसरा घडू शकणाऱ्या गोष्टीचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या २९ व्या कलमात भोगवटादार वर्ग-१ आणि वर्ग-२ यांची व्याख्या करताना दोन्ही ठिकाणी जमीन 'अनएलियनेटेड' असल्याचे म्हटले आहे. वर्ग-१ ला हस्तांतराचे निर्बंध नाहीत, वर्ग-२ ला आहेत. म्हणजे वर्ग-२ ची जमीन एकाच वेळी 'अनएलियनेटेड' असते आणि परवानगीवाचून 'इनएलियनेबल'ही असते. शासकीय मराठीने 'एलियनेशन'साठी 'अन्यसंक्रामण' हा संस्कृत शब्द घडविला. तो व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ज्या मुलखात गावांच्या नावांपुढे 'खालसा' आणि 'दुमाला' हे शब्द आजही उभे आहेत, तेथे हा भेद सांगण्यासाठी नवे प्रत्यय जुळविण्याची गरज होती का, असा प्रश्न पडतो.

'हेरेडिटरी' आणि 'हेरिटेबल'

वारशाच्या संदर्भात इंग्रजीत दोन विशेषणे आहेत. 'हेरिटेबल' म्हणजे वारशाने जाऊ शकणारे. 'हेरेडिटरी' म्हणजे वारशाने चालत आलेले आणि तसेच चालणारे. 'एरी' हा प्रत्यय शक्यता सांगत नाही. तो संबंध व स्वरूप सांगतो. 'हेरिटेबल' मालमत्ता मालक विकून टाकू शकतो, आणि मग वारशाचा प्रश्नच उरत नाही. 'हेरेडिटरी' पदाला मात्र हा मार्ग मोकळा नाही. मराठीत दोन्हींसाठी 'वंशपरंपरागत' हा शब्द सर्रास वापरला जातो. त्यातील 'आगत' म्हणजे आलेले. तो 'हेरेडिटरी'ला शोभतो, 'हेरिटेबल'ला नाही.

१८७४ चा मुंबई आनुवंशिक पदांचा कायदा, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेला वतन कायदा, हा 'हेरेडिटरी' या विशेषणावर उभा होता. पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर महारादी कनिष्ठ ग्रामसेवकांची वतनेही त्याच्या कक्षेत आली. वतनाची जमीन परवानगीवाचून वतनदार कुटुंबाबाहेर देता येत नव्हती. १८६५ व १८७९ च्या कायद्यांनी कब्जेदाराला जे दिले, ते वतनदाराला दिले नाही. वरकरणी यात वतनदाराचे संरक्षण होते, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या बाबतीत ते काही अंशी खरेही होते. महारांच्या बाबतीत हे विशेषण निराळ्या अर्थाने लागू झाले. जमीन तुटपुंजी, बलुते अनिश्चित आणि सेवा मात्र अहोरात्र अशी ती स्थिती होती. येथे वारशाने येत होती ती मुख्यतः सेवेची सक्ती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मार्च १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हीच जाणीव होती. ते विधेयक संमत झाले नाही.

१९५८ च्या मुंबई कनिष्ठ ग्रामवतन निर्मूलन कायद्याने ही वतने संपविली आणि जमिनी पूर्वीच्या वतनदारांना पुन्हा देण्याची तरतूद केली. 'हेरेडिटरी' हे विशेषण गेले, परंतु त्याच्या जागी निर्बंध आले : जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीवाचून आणि ठरलेली रक्कम भरल्यावाचून ही जमीन हस्तांतरणीय नाही आणि सरस-निरस वाटपाने विभाज्यही नाही. शेजारच्या शिवारातील शेतकऱ्याची जमीन 'ट्रान्सफरेबल' आणि याची मात्र नाही, हा भेद सातबाऱ्यावरील शेऱ्यात उतरला. निर्बंधाचा हेतू जमीन नव्या मालकाच्या हातून निसटू नये हा होता. परंतु ज्यांना शहरालगत जमिनीच्या चढत्या किमतीचा लाभ घ्यावयाचा होता, त्यांना तोच अडथळा वाटला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १८७५ च्या पार्श्वभूमीवर पाहता हा पेच नवा नव्हता.

'नवी शर्त'

हा पेच विधिमंडळात प्रथम उघडपणे आला तो १९०१ साली. महसूल संहितेच्या दुरुस्तीनुसार, थकबाकीमुळे सरकारजमा झालेली जमीन पुन्हा देताना हस्तांतराचा अधिकार वगळून देण्याची मुभा सरकारला मिळणार होती. सरकारचा युक्तिवाद होता की यामुळे जमीन सावकाराच्या हाती जाणार नाही. फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनी विधेयकाला कडाडून विरोध केला. हस्तांतराचा अधिकार काढून घेणे म्हणजे शेतकऱ्याचा मालकी हक्कच काढून घेणे आणि सरकारने स्वतः जमीनदार होणे, असे विरोधकांचे म्हणणे होते. दुरुस्ती मागे घेतली जात नाही असे दिसताच मेहता व त्यांचे सहकारी सभागृह सोडून गेले. मुंबई विधिमंडळाच्या इतिहासात हा सभात्याग प्रसिद्ध आहे.

तेव्हापासून इंग्रजीत जिला 'रिस्ट्रिक्टेड टेन्यूर' म्हणत, तिला मराठी दप्तरात 'नवी शर्त' हे नाव पडले, आणि आधीची ती 'जुनी शर्त'. या नावांत कोणताही विशेषणप्रत्यय नाही. 'नवी' आणि 'जुनी' ही लहान मुलालाही कळणारी विशेषणे आहेत. निर्बंध काय आहे हे त्यांतून कळत नाही, हा दोष खरा; परंतु शेतकऱ्याने व तलाठ्याने शंभर वर्षे हेच शब्द चालविले आणि त्यांबाबत त्यांचा गोंधळ झाला नाही. 'नवीन व अविभाज्य शर्त' हा शेरा आजही जुन्या फेरफारांत वाचावयास मिळतो. यातील 'अविभाज्य' हा शब्द मात्र कृत्य प्रत्ययाचा आहे. सामान्य मराठीत 'अविभाज्य अंग' म्हणजे वेगळे काढताच न येणारे. सातबाऱ्यावर त्याचा अर्थ परवानगीवाचून वाटप करू नये, एवढाच आहे. येथेही 'शक्य नाही' आणि 'मुभा नाही' या दोन अर्थांची सरमिसळ झालेली दिसते.

१९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर प्रशासनाची परिभाषा घडविताना इंग्रजी प्रत्ययांसाठी मराठी प्रतिरूपे ठरविणे अपरिहार्य झाले. 'एबल'च्या बाबतीत एकाच प्रत्ययाचा आग्रह न धरता संदर्भानुसार वेगवेगळी रूपे घेतली गेली, ही समाधानाची गोष्ट आहे. दखलपात्र, करपात्र, जामीनपात्र यांत 'पात्र' आला. 'देय' यात बंधन व्यक्त झाले. 'हस्तांतरणीय' यात 'अनीय' राहिला. बोलीतील 'आऊ' हा प्रत्यय मात्र दाराबाहेर राहिला. टिकाऊ, विकाऊ, जळाऊ हे शब्द ज्या भाषेत आहेत, तिला 'एबल'साठी घरचा प्रत्यय नव्हता असे म्हणता येत नाही. 'जळाऊ लाकूड' हा तर सरकारी कागदातही चालतो. पण 'विकाऊ जमीन' म्हटले की मालकाने ती विक्रीस काढली आहे असे ध्वनित होते. ती कायद्याने विकता येते, एवढाच अर्थ राहत नाही. प्रत्यय बरोबर असूनही लोकव्यवहाराने त्याला वेगळी छटा दिलेली होती. परिभाषाकारांनी त्याला टाळले यात तिरस्कारापेक्षा सावधपणा अधिक होता, असे मानावयास जागा आहे.

'लिमिटेड ओनर'

पाटस या ग्रामनामापासून सिद्ध झालेले आडनाव धारण करणारे हरी विनायक पाटसकर हे १९५५-५६ या काळात केंद्रात विधी कार्य मंत्री होते. आंध्र व मद्रास यांच्या सीमावादात त्यांनी जे निकष लावले, त्यांत खेडे हा घटक मानण्याचे तत्त्व होते. पुढे बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्राने त्याच तत्त्वाचा आधार घेतला आणि 'पाटसकर सूत्र' हा शब्दप्रयोग रूढ झाला. गावाच्या नावाला 'कर' लागून आडनाव झाले आणि ते आडनाव पुन्हा प्रत्ययावाचून एका तत्त्वाचे विशेषण झाले.

जमिनीच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांनी लोकसभेत पुढे नेलेले हिंदू उत्तराधिकार विधेयक अधिक महत्त्वाचे आहे. १९५६ पूर्वी हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत जो हक्क मिळे, तो 'लिमिटेड' होता. कायदेशीर निकडीवाचून तिला जमीन विकता येत नसे आणि तिच्या मृत्यूनंतर ती तिच्या वारसांकडे न जाता पतीच्या वारसांकडे परत जाई. भीमथडीतील कब्जेदाराच्या जमिनीला १८६५ पासून लागलेली 'हेरिटेबल' आणि 'ट्रान्सफरेबल' ही दोन्ही विशेषणे, जमीन विधवेच्या नावे होताच, तिच्यापुरती गळून पडत. शेत तेच, क्रमांक तोच आणि आकारही तोच राहत असे. 'लिमिटेड' यातील 'एड' हा प्रत्यय कर्मणी आहे, म्हणजे तिचा हक्क कोणीतरी मर्यादित केलेला होता. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या १४ व्या कलमाने 'लिमिटेड ओनर' ही स्थिती संपवून स्त्रीला 'फुल ओनर' ठरविले. त्याच कलमाच्या दुसऱ्या उपकलमाने मात्र दान, मृत्युपत्र किंवा हुकूमनामा यांत 'रिस्ट्रिक्टेड' हक्कच दिला असेल, तर तो तसाच राहील असा अपवाद ठेवला. या दोन उपकलमांपैकी कोणते कोठे लागू होते यावर दोन दशके खटले चालले. पोटगीच्या हक्कापोटी स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेला दुसरे नव्हे तर पहिले उपकलम लागू होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली तुळसम्मा खटल्यात दिला.